न्यूमन वाया गेला म्हणे!

रँडी न्यूमनचं नाव काढलं की रॉक संगीताच्या जाणकारांच्या चेहऱ्यावर सुतकी कळा येते. सत्तरच्या दशकातला तो न्यूमन काय होता आणि पुढे त्याचं काय झालं! गुलामांच्या व्यापाऱ्याच्या तोंडी गोड चाल घालून अमेरिकेला तिचंच तोंड दाखवणारा हा माणूस अखेर बसला कुठे, तर डिस्ने-पिक्सारच्या खेळण्यांपुढे पियानो मांडून. धार होती ती लाडिकपणात गेली. सिनेमानं एक मोठा गीतकार खाल्ला. एवढं म्हणून झालं की एक उसासा टाकायचा आणि १९७२ नाही तर १९७४ची तबकडी लावायची.

या उसाशाचा मला मनस्वी वैताग आहे. तो चुकीचा आहे हे तर झालंच, पण तो आळशीही आहे. सिनेमाचं संगीत न ऐकता सिनेमाबद्दल मत द्यायची सोय त्यात आहे. शिवाय त्याच्या मागोमाग आणखी काही शेरे ठरल्यासारखे येतात. काकांचा पुतण्या, त्यांच्याच जिवावर हॉलिवूडमध्ये शिरला. मूळचा पॉप गाणी लिहिणारा, त्याला अख्ख्या वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत काय झेपणार. जे लिहिलं ते सगळं एकाच साच्यातलं. आणि ऑस्कर? नामांकनं ढीगभर, बक्षिसं दोन, तीही कीव येऊन दिलेली.

हे शेरे जरा शेजारी-शेजारी ठेवून बघा. सिनेमा हा त्याच्या घरचाच धंदा होता असंही म्हणायचं, आणि सिनेमात जाऊन तो परक्या ठिकाणी वाया गेला असंही म्हणायचं. हे जमतं कसं?

आधी ते घर बघू. न्यूमन १९४३ सालचा, लॉस एंजेलिसचा. अल्फ्रेड, लायनेल आणि एमिल हे त्याचे तीन काका हॉलिवूडचे संगीतकार. अल्फ्रेड न्यूमनच्या नावावर ९ ऑस्कर आहेत. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा चित्रपट सुरू होताना तुताऱ्या आणि ताशांचा जो गजर होतो तो त्याचाच. काका वाद्यवृंद चालवतोय आणि पुतण्या कोपऱ्यात उभा राहून बघतोय, असं रँडीचं बालपण. सतराव्या वर्षी हा मुलगा मेट्रिक म्युझिक या प्रकाशन संस्थेसाठी पॉप गाणी लिहायला लागला. ही संस्था लिबर्टी रेकॉर्ड्सची. लिबर्टी काढली साय वॉरोंकरनं, आणि हा वॉरोंकर पूर्वी फॉक्सच्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. त्याचा मुलगा लेनी हा रँडीचा बालमित्र, पुढे त्याच्या अल्बमांचा निर्माता. जाणकार ज्यांना दोन वेगळी जगं समजतात ती एकाच गल्लीतली समोरासमोरची दोन घरं होती, आणि पोरगं लहानपणापासून दोन्हीकडे जेवत होतं.

बरं, त्या पॉपच्या घरात तरी तो काय करत होता? अंतरात्म्याचा आवाज ऐकत बसला होता? गाण्याला गिऱ्हाईक असे, आणि गिऱ्हाइकाच्या मापाचं गाणं तो शिवून देत असे. जॅकी डिशॅनन, सिला ब्लॅक, जीन पिटनी हे त्याचे गिऱ्हाईक. १९६७ साली इंग्लंडमध्ये ॲलन प्राइसनं नाचऱ्या अस्वलाचं गाणं गाजवलं ते न्यूमनचं. १९७० साली 'मामा टोल्ड मी नॉट टू कम' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते थ्री डॉग नाइटच्या आवाजात. दुसऱ्याच्या गळ्याला, दुसऱ्याच्या स्वभावाला आणि तीन मिनिटांच्या वेळेला बसेल असं लिहायचं, हे त्याचं शिक्षण. मागणीवरून लिहिणं हा ज्यांना अधःपात वाटतो त्यांनी न्यूमनचा अधःपात सतराव्या वर्षीच झाला असं जाहीर करावं, आणि मग १९७२च्या तबकडीसाठीही तोच उसासा टाकावा. एकाच सवयीला आधी कसब म्हणायचं आणि नंतर लाचारी, हे चालणार नाही.

आता तो 'पॉपवाल्याला वाद्यवृंद झेपत नाही' हा मुद्दा. आपल्याकडच्या श्रोत्याला तो चटकन पटतो आणि त्याला कारण आहे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये चाल बांधणारा एक आणि वाद्यांची पानं लिहिणारा दुसरा, अशी वाटणी कित्येक वर्षं होती. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा उभे असत. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही मूळची गोव्याची मंडळी. व्हायोलिनांचे ताफे कुठे घुसवायचे, ट्रम्पेट कुठे गप्प बसवायचा, हे जाणणारी. नाव मात्र झालं चालवाल्याचं. (त्यांचं ऋण आपण अजून नीट फेडलेलं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्यामुळे कुठलाही गाणीवाला सिनेमात दिसला की आपण विचारतो, याचा अरेंजर कोण?

न्यूमनचा अरेंजर शोधायला गेलात तर न्यूमनच सापडतो. १९६८च्या त्याच्या पहिल्या अल्बमवर त्या काळचा गिटार-ड्रमचा रिवाज बाजूला सारून वाद्यवृंद आहे, आणि त्याचं लेखन त्याचं स्वतःचं. ती तबकडी खपली नाही. इतकी खपली नाही की ती परत करून दुसरी घेण्याची मुभा कंपनीनं गिऱ्हाइकांना देऊन टाकली. पुढच्याच वर्षी पेगी लीचं 'इज दॅट ऑल देअर इज?' आलं. गाणं लायबर आणि स्टोलर या जोडीचं. पण त्यामागचा तो बर्लिनच्या जुन्या कॅबरेची आठवण करून देणारा, जरा कुजकट हसणारा वाद्यमेळ न्यूमननं लिहिला आणि चालवला. हे सगळं त्याच्या पहिल्या चित्रपटाआधीचं. सिनेमाच्या घाईत पानं भरून घ्यायला ऑर्केस्ट्रेटर हॉलिवूडमध्ये जवळपास सगळेच घेतात, जॉन विल्यम्सही घेतो. त्यावरून विल्यम्सला नुसता गुणगुणणारा कुणी म्हणत नाही. पॉपवाल्यालाच हा प्रश्न का?

आणि पॉपवाल्यांचं हॉलिवूडमध्ये काय झालं हेही एकदा नीट पाहू. मिलोश फोरमनच्या 'रॅगटाइम'साठी न्यूमनला पहिली दोन ऑस्कर नामांकनं मिळाली, एक पार्श्वसंगीताचं, एक गाण्याचं. दोन्ही हुकली. पार्श्वसंगीताचं गेलं 'चॅरियट्स ऑफ फायर'च्या व्हँजेलिसकडे. हा अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड या पॉप बँडमधून आलेला. गाण्याचं गेलं 'आर्थर'च्या गाण्याकडे, ज्याच्या कर्त्यांमध्ये होता बर्ट बॅकरॅक. १९९०च्या 'ॲव्हलॉन'च्या वेळी तो हरला जॉन बॅरीपुढे, ज्याची सुरुवात जॉन बॅरी सेव्हन या बँडपासून झाली. पुढे गाण्यांच्या विभागात एल्टन जॉन, फिल कॉलिन्स, बॉब डिलन यांच्यापुढे हरला. खुद्द एन्नियो मोरिकोने साठच्या दशकात इटलीच्या पॉप गायकांसाठी वाद्यलेखन करत होता. पॉपवाल्याला सिनेमा जमत नाही या सिद्धान्ताचे हे एवढे अपवाद. अपवादांनी दालन भरलं तरी नियम मात्र दाराबाहेर ताठ उभा!

'एअर फोर्स वन'चं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. १९९७ साली त्या चित्रपटासाठी न्यूमननं लिहिलेलं संगीत दिग्दर्शकानं काढून टाकलं आणि ऐनवेळी जेरी गोल्डस्मिथला बोलावलं. हे घडलं. पण 'लेजंड'च्या अमेरिकी आवृत्तीतून गोल्डस्मिथचंच संगीत काढून टाकलं होतं. हिचकॉकनं 'टॉर्न कर्टन'मधून बर्नर्ड हरमनला बाहेर काढलं, आणि क्युब्रिकनं '२००१' मधून ॲलेक्स नॉर्थला. संगीत नाकारलं जाणं हा त्या धंद्यातला रोजचा धोका आहे. हरमनबद्दल बोलताना आपण दिग्दर्शकाला मूर्ख म्हणतो आणि न्यूमनबद्दल बोलताना संगीतकाराला.

काकांचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. अल्फ्रेड न्यूमन वारला १९७० साली. रँडीचं पहिलं चित्रपटसंगीत 'कोल्ड टर्की'चं, १९७१चं, आणि ते युनायटेड आर्टिस्ट्सचं. 'रॅगटाइम' पॅरामाउंटचा. 'द नॅचरल' आणि 'ॲव्हलॉन' ट्रायस्टारचे. खेळणी डिस्नेची. काकांचं राज्य होतं फॉक्समध्ये. पोरवयात टीव्ही मालिकांची फुटकळ कामं नात्यानं मिळाली असतील, मिळोत बापडी. 'रॅगटाइम' आला तेव्हा हा पुतण्या अडतिशीला टेकलेला होता, त्याच्या नावावर सहा अल्बम होते आणि चार वर्षांपूर्वीच 'शॉर्ट पीपल' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. आणि ऑस्करचं म्हणाल तर १५ नामांकनं वाया गेल्यावर २००२च्या मार्चमध्ये 'मॉन्स्टर्स, इंक.'च्या गाण्यासाठी पहिलं बक्षीस मिळालं. सगळं सभागृह उभं राहिलं तेव्हा तो माइकसमोर म्हणाला, मला तुमची दया नको. टीकाकारांनी दयेचा शोध लावण्याआधी तो त्यावर विनोद करून मोकळा झाला होता.

मूळ आरोप उरतो. व्यंगकार गेला, आणि त्याच्या जागी पोरांची मनं रिझवणारा आला.

हे म्हणणाऱ्यांनी व्यंगकार ऐकला तरी आहे का, अशी मला शंका येते. १९७२च्या 'सेल अवे' या गाण्यात न्यूमन कुठे आहे? कुठेच नाही. तिथे बोलतोय गुलामांचा व्यापारी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा राहून तो समोरच्या माणसांना अमेरिकेची जाहिरात ऐकवतोय, आणि त्याच्यामागे व्हायोलिनं अशी भरून येतात की ऐकणाऱ्यालाही क्षणभर जहाजात बसावंसं वाटतं. गाणं जळजळीत आहे ते या भरून येण्यामुळे. वाद्यवृंदानं व्यापाऱ्याची टवाळी केली असती तर उरला असता एक फुसका विनोद. न्यूमननं वाद्यवृंद पूर्णपणे व्यापाऱ्याच्या बाजूनं उभा केला. 'शॉर्ट पीपल'मध्ये बोलणारा पूर्वग्रहाचा पुतळा आहे. तो आवाज इतका खरा वाटला की मेरीलँडच्या विधिमंडळात ते गाणं रेडिओवरून हद्दपार करण्याचं विधेयक मांडलं गेलं. 'इन जर्मनी बिफोर द वॉर'मध्ये एक खुनी नदीकाठी बसलेला आहे, आणि त्या गाण्याचं मूळ आहे फ्रिट्झ लांगच्या 'एम' या चित्रपटात. लोक ज्याला 'सिनेमापूर्वीचा शुद्ध न्यूमन' म्हणतात तो असा: पात्र घ्यायचं, त्याच्या कातडीत शिरायचं, त्याची बाजू मनापासून घ्यायची, आणि निकाल ऐकणाऱ्यावर सोडायचा.

चित्रपटाचा संगीतकार याहून वेगळं काय करतो?

'द नॅचरल' घ्या. १९८४चा बॅरी लेव्हिन्सनचा चित्रपट, रॉबर्ट रेडफर्ड, बेसबॉल. बर्नर्ड मॅलामडच्या मूळ कादंबरीत नायक शेवटच्या क्षणी बाद होतो. चित्रपटानं शेवट उलटा केला: चेंडू मैदानाच्या दिव्यांवर आदळतो, काचा फुटतात, ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि नायक त्यातून धावतो. संगीत इथे ओशाळलं असतं तर सगळं दृश्य हास्यास्पद झालं असतं. न्यूमनच्या तुताऱ्या ओशाळत नाहीत. त्या इतक्या ठामपणे त्या धावण्याच्या मागे उभ्या राहतात की ती धून पुढे अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या खेळांच्या प्रक्षेपणांत वाजायला लागली. 'उपहासकर्त्यानं वीरश्री लिहिली, म्हणजे ती खोटी' असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: भव्य संगीत माणसाला कसं बधिर करतं आणि कसं उचलतं, हे त्या व्यापाऱ्याच्या गाण्यात ज्यानं दाखवलं, त्याच्याइतकं ते हत्यार कुणाला कळणार?

आणि आता ती खेळणी, ज्यांच्यावर सगळा राग. 'टॉय स्टोरी' १९९५चा. सुरुवातीलाच 'यू हॅव गॉट अ फ्रेंड इन मी' येतं, आणि जाणकार म्हणतात, बघा, गुळाचा पाक! पण चित्रपट पुढे बघायचे कष्ट घेतले तर काय दिसतं? मैत्रीची ग्वाही देणाऱ्या त्या गाण्याचा मालक म्हणजे वुडी, आणि थोड्याच वेळात नवं खेळणं आल्यावर हाच वुडी मत्सरानं जळतो, आणि त्याच्याच कारस्थानानं बझ खिडकीबाहेर जाऊन पडतो. ज्या खोलीत ते गाणं वाजलं त्याच खोलीत त्याची ग्वाही तुटते. स्वतःला मोठ्या मनाचा समजणाऱ्या माणसाचं मन किती छोटं असतं, हा तर न्यूमनचा पहिल्यापासूनचा विषय! पात्र कापडाचं आणि प्लॅस्टिकचं झालं म्हणून विषय बदलला?

१९९९च्या 'टॉय स्टोरी २' मध्ये जेसी नावाची बाहुली आहे. तिची मालकीण मुलगी मोठी होते आणि तिला एका खोक्यात घालून रस्त्याकडेला सोडून जाते. ती गोष्ट 'व्हेन शी लव्ह्ड मी' या गाण्यात सारा मॅक्लॉक्लननं गायली. प्रेम देऊन झालेल्या आणि कुणालाच नको झालेल्या जिवाची ही कैफियत आहे. त्यात राग नाही, मागणी नाही, तक्रारसुद्धा जेमतेम. मुलं ते पाहताना जरा चुळबुळतात आणि शेजारी बसलेले आईबाप रडतात. म्हातारपणावर, एकटेपणावर न्यूमननं सत्तरच्या दशकात जी गाणी लिहिली त्यांच्या पंक्तीत हे गाणं ठेवायला माझी काही हरकत नाही. किंबहुना त्यातली दोन-चार उठवून ह्याला जागा द्यायचीही माझी तयारी आहे. पण ते कार्टूनमध्ये आलं! तेच १९७४च्या तबकडीवर असतं तर आज त्यावर प्रबंध निघाले असते.

'सगळं एकसारखं' या शेऱ्याला उत्तर देताना थकवा येतो. न्यू ऑर्लीन्सच्या वळणाचा तो लंगडत चालणारा पियानो त्याच्या हातात आहे. आजोळ तिथलं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथल्या. पण 'फॅमिली गाय'मध्ये दिसेल ते गात सुटणाऱ्या न्यूमनची नक्कल बघून ज्यांनी मत बनवलं, त्यांनी 'ॲव्हलॉन' ऐकला असेल का? १९१४च्या चार जुलैला, आतषबाजी चालू असताना बाल्टिमोरला उतरलेला एक स्थलांतरित, आणि मग त्याच्या मोठ्या कुटुंबाची हळूहळू झालेली पांगापांग. त्याचं संगीत इतकं नाजूक आणि सावध आहे की पियानोचा तो लंगडा ठेका जवळ फिरकतही नाही. त्याच वर्षीचा 'अवेकनिंग्ज' आणखी वेगळा, 'प्लेझंटव्हिल' आणखी वेगळा. १९९८ या एकाच वर्षातल्या कामासाठी तर त्याला तीन नामांकनं मिळाली, तीन चित्रपटांसाठी, तीन वेगळ्या विभागांत. एकच साचा इतक्या ठिकाणी बसत असेल तर तो साचा मलाही मिळाला तर हवा आहे.

शेवटचा आधार म्हणून जाणकार दिनदर्शिका काढतात. सिनेमात गेल्यावर गाणी आटली, असं ते म्हणतात. अल्बम कमी झाले, हे खरं. पण १९७९चा 'बॉर्न अगेन' हा त्याचा सगळ्यात दुबळा अल्बम, आणि तो 'रॅगटाइम'च्या आधीचा. त्याचं खापर कुठल्या चित्रपटावर फोडणार? आणि नंतरची वर्षं जरा लावून पाहा. 'टॉय स्टोरी' आला १९९५ साली, आणि त्याच वर्षी आला 'फाउस्ट', त्याचं गटेच्या कथेवरचं संगीतनाट्य, ज्यात देव झाला जेम्स टेलर आणि सैतान झाला न्यूमन स्वतः. वुडीचा दोस्त आणि सैतान, दोन्ही एकाच गळ्यातून, एकाच वर्षी. १९९९ साली 'टॉय स्टोरी २', आणि त्याच साली 'बॅड लव्ह'. २००८ साली 'लेदरहेड्स'चं संगीत, आणि त्याच साली 'हार्प्स अँड एंजल्स'. २०१७ साली 'कार्स ३', आणि त्याच साली 'डार्क मॅटर'. सिनेमा जर गाणी खात होता तर प्रत्येक वेळी गाणी नेमकी सिनेमाच्याच पंगतीला कशी हजर?

'डार्क मॅटर'चं पहिलं गाणं 'द ग्रेट डिबेट' आठ मिनिटांचं आहे. एका बाजूला शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला श्रद्धावान, आणि मध्ये जाहीर वादविवाद. बोलणारा बदलला की ठेका बदलतो, वाद्यं बदलतात, सभागृहाची हवाच पालटते. मग गॉस्पेलचा गायकवर्ग उसळतो. त्यातच एक श्रद्धावान उठून खुद्द न्यूमनचं नाव घेतो आणि म्हणतो की हा स्वतःला सोयीची पात्रं उभी करतो आणि त्यांना पाडून दाखवतो. वीस-वीस सेकंदांनी मनःस्थिती फिरवायची आणि तरी आठ मिनिटांचा धागा सुटू द्यायचा नाही, हे कसब १९७२च्या न्यूमनकडे नव्हतं. ते आलं चित्रपटाच्या फितीसमोर वर्षानुवर्षं घड्याळ लावून बसल्यानं, त्या तुच्छ खेळण्यांच्या पावलांना आणि पडण्याधडपडण्याला क्षणाक्षणाला संगीत पुरवल्यानं. त्याच अल्बमवर 'पुतिन' आहे: एका हयात सत्ताधीशाची जाहीर खिल्ली. २०१८च्या जानेवारीत त्याला ग्रॅमी मिळालं, आणि ते मिळालं वाद्यसंयोजनासाठी. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि त्याचा 'कार्स ३' नुकताच येऊन गेला होता. सिनेमानं ज्याची धार घालवली म्हणता तो हाच. 'पुतिन' लावा, आणि त्यातला व्यंगकार कुठे संपतो आणि चित्रपटाचा संगीतकार कुठे सुरू होतो ती जागा मला बोटानं दाखवा. मी थांबायला तयार आहे.